मंगळवारी बाई खेळणार

ऐच्छिक विषय म्हणजे ज्याने त्याने आपापल्या इच्छेने घ्यायचा विषय. बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या फळ्यावर तसं लिहिलेलं होतं. तानाबाईच्या बाबतीत इच्छा होती ती वच्छलाबाईंची. शिवणाचा वर्ग भरून गेला होता, आणि गायनाच्या बाईंनी तानाबाईचा आवाज एकदाच ऐकून "तू बस हो खाली" म्हणून सांगितलं होतं. उरला तिसरा विषय. त्याचं नाव 'लोकरंजन व क्रीडाव्यवस्था'. वच्छलाबाई मुंबईला तीन महिने राहून तो शिकून आल्या होत्या. येताना त्यांनी एक छापील पुस्तक आणि चार पितळी शिट्ट्या आणल्या होत्या, आणि आता सोलापुरात त्यांना तो शिकवायला मुली हव्या होत्या. तेवीसजणींतल्या चारजणी मिळाल्या. त्यांतली चौथी तानाबाई.

बोर्डिंगातल्या मुली हसायच्या. "आम्ही गणितात मरतोय, आणि ही बया खेळात पास होणार!" त्यांचं हसणं त्यांच्या जागी बरोबर होतं. पण विषय नावाला ऐच्छिक असला, तरी त्यात नापास म्हणजे सगळ्यातच नापास, हा नियम काही हसण्यासारखा नव्हता. तानाबाईला तर तो जेवतानाही आठवायचा.

तानाबाई सांगोल्याकडची, धनगराची. वय एकवीस. नवव्या वर्षी लग्न झालं आणि तेराव्या वर्षी, सासरी नांदायला जायच्या आधीच, नवरा तापाने गेला. गावच्या मास्तरांनी भिमाला, म्हणजे तिच्या बापाला, गळ घातली की पोर हुशार आहे, शिकू दे. भिमाने शिकू दिलं. पण आठ वर्षं भावकीची बोलणी ऐकून तोही आता कंटाळला होता. कॉलेजाच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मेंढरं विकायला सोलापूरच्या बाजारात आला, तेव्हा तो बोर्डिंगच्या फाटकाबाहेर घोंगडं टाकून बसला आणि त्याने लेकीला बाहेर बोलावलं.

"हे बग ताना," तो म्हणाला, "पास झालीस तर हो मास्तरीण. मी आड येनार न्हाय. पर नापास झालीस तर वैशाखात तुजा पाट लावनार. जतकडं एक बिजवर बगून ठिवलाय. दोन पोरं हायती त्येला. मानूस गरीब हाय, मारायचा न्हाय."

तानाबाई मान खाली घालून उभी राहिली. मारायचा नाही, एवढ्यावर तिने समाधान मानावं असं त्याला मनापासून वाटत होतं. तो काही दुष्ट नव्हता.

"कंच्या कंच्या विषयात पास व्हायचं असतंय?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. शेवटचा विषय ऐकून भिमाने तोंडाला हात लावला. "खेळायला शिकतीस? अगं, कोकरू बी आपसुक खेळतंय की! त्येला कोन कॉलेजात घालतंय?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते बापाला सांगण्यासारखं नव्हतं.

ते असं. तेराव्या वर्षी नागपंचमीला गावाबाहेरच्या लिंबाखाली पोरी जमल्या होत्या, आणि राजाबाई नावाच्या मैत्रिणीबरोबर तानाची फुगडी रंगात आली होती. तेवढ्यात भिमा आला. काही न बोलता त्याने लेकीचं मनगट धरलं आणि तिचा हात राजाच्या हातातून सोडवला. राजा भेलकांडून पडली. आबा चेष्टा करतोय असं समजून ताना खदखदून हसली, आणि मग तिने त्याचं तोंड बघितलं. सासरचा माणूस निरोप घेऊन आला होता. ते हसणं तिला आजही बोचायचं. त्यानंतरच्या पंचम्यांना ती कडेला उभी राहून इतरांच्या चपला सांभाळायची. कुणी खेळू नको म्हणालं नाही. खेळ असंही कुणी म्हणालं नाही.

म्हणून कॉलेजच्या आवारात वच्छलाबाईंनी पहिल्या दिवशी लंगडी लावली, तेव्हा तानाबाईने आधी वळून फाटकाकडे बघितलं. कुणी येत नव्हतं. मग तिने पदर खोचला. विषय इच्छेने घेतलेला नव्हता, पण त्या संध्याकाळी तिची इच्छा त्याच्यावर बसली ती बसलीच. आणि ज्याच्यावर इच्छा बसते त्याचीच जास्त भीती वाटते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तिची पुढची दशा सांगायला नको.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष काम होतं. प्रत्येकीने एक वस्ती घ्यायची, आठवड्यातून तीन दिवस असं सहा आठवडे तिथल्या बायकांना जमवायचं आणि खेळ घ्यायचे. शेवटी पुण्याहून परीक्षक बाई येऊन बघणार. त्या दिवशी निदान पंचवीस बायका हजर हव्यात आणि तीन खेळ झाले पाहिजेत. शिवाय वस्तीच्या माहितीची एक छापील वही भरायची होती. तानाबाईच्या वाट्याला गिरणीमागची चाळ आली, आणि वार आले सोमवार, बुधवार, शुक्रवार.

पहिल्याच सोमवारी तिने घात केला. बायका भोंगा झाल्यावर घरी आल्या, जरा टेकल्या, आणि हिने पुस्तकात लिहिल्याबरहुकूम पटांगणाच्या मधोमध उभं राहून पितळी शिट्टी जोरात फुंकली. धडाधड दारं लागली. एका बाईने दुसरीचं लेकरू सुद्धा उचलून आत घेतलं. तीनच वर्षांपूर्वी, सन तीसात, सोलापुराने मार्शल लॉचे दिवस काढले होते, आणि शिट्टी वाजली की काय करायचं हे चाळीला कुणी शिकवायला नको होतं. मुंबईच्या पुस्तकात ते कुठून असणार? तानाबाईने शिट्टी कमरेला खोचली ती पुन्हा काढली नाही.

मग ती दारोदार फिरू लागली. बायका चांगल्या होत्या, तिला पाणी द्यायच्या, गूळ द्यायच्या. पण खेळायचं म्हटलं की हसायच्या. सुताच्या रिळांच्या खात्यात दिवसभर उभं राहिलेल्या बायका, घरी येऊन चूल, पाणी, लेकरं. कोपऱ्याच्या खोल्यांतल्या तेलंगी बायका तर विड्या वळता वळता मानच वर करायच्या नाहीत. "बाई, आता खेळायचं वय हाय का आमचं?" असं तिशीच्या आतली बाई विचारायची. पहिल्या आठवड्यात चारजणी आल्या. दुसऱ्यात सहा. तिसऱ्यात पाऊस नाही, सण नाही, काही नाही, तरी तीन. पाचवा आठवडा संपला तेव्हा आकडा सहाच्या वर गेला नव्हता.

तानाबाईचं जेवण तुटलं. झोपेत ती बायका मोजायची. वर्गातल्या बाकी तिघींच्या वस्त्यांत वीस-वीस, तीस-तीस बायका जमत होत्या असं त्या सांगायच्या. खरं किती आणि फुगवून किती कोण जाणे, पण भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याची थाप सुद्धा पुराव्यासारखी वाटते. वहीतल्या सातव्या प्रश्नापाशी ती बराच वेळ थांबली होती. 'या वस्तीतील स्त्रियांची सध्याची करमणूक कोणती?' शेवटी तिने लिहिलं, 'काही नाही.' पुस्तकातही तसंच होतं की अशा वस्त्यांत करमणुकीचा पूर्ण अभाव असतो. एक उत्तर तरी नक्की बरोबर आहे, असं तिला वाटलं.

आणि मग वच्छलाबाईंनी तारीख सांगितली. परीक्षक बाई पुढच्या मंगळवारी येणार, संध्याकाळी, गिरणी सुटल्यावर.

तानाबाई तशीच चाळीत गेली आणि सारजाबाईला गाठलं. सारजाबाई नळाशेजारच्या खोलीत राहायची. तिच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत गिरणीच्या चारी खात्यांत पोचायची. तिला सांगणं म्हणजे दवंडीच.

"सारजाबाई, एवढं माझं काम करा. मंगळवारी आपण खेळणार आहोत. सगळ्यांना सांगा. नक्की या म्हणावं. आणि येताना प्रत्येकीने एकेक लिंबू आणा."

"लिंबू?" सारजाबाईचे डोळे मोठे झाले.

"हो. लिंबू लागतंच. चमचे मी आणते." पण चमचे म्हणेपर्यंत सारजाबाईचं लक्ष उडालं होतं.

"मंगळवारी खेळनार म्हन्तासा?"

"मंगळवारीच."

"आनि रिंगन?"

"ते मी आदल्या दिवशी आखून ठेवीन की. फक्कीनं."

सारजाबाईने दोन्ही हात जोडले. तानाबाईला वाटलं, बाई मनाची मोठी आहे.

त्या आठवड्यात चाळीची वागणूकच बदलली. तानाबाई दिसली की बायका उठून उभ्या राहू लागल्या. एकीने तिला विचारलं, "डोक्यावरनं न्हाऊन यावं लागंल न्हवं?" तानाबाईला वाटलं, परीक्षक बाईंसमोर स्वच्छ दिसावं म्हणून विचारतेय. ती म्हणाली, "न्हालात तर फारच छान." दुसरीने विचारलं, "तुमचा त्या दिशी उपास आसतोय का?" काळजीने घास उतरत नव्हताच, तानाबाई म्हणाली, "उपासच म्हणायचा." काशम्मा नावाची अक्कलकोटकडची म्हातारी नातवाला काखेत घेऊन आली, कन्नडात काहीतरी पुटपुटत तिच्या पायाला हात लावून गेली. नातू तापलेला होता. तानाबाई म्हणाली, "याला दवाखान्यात न्या." काशम्मा म्हणाली, "मंगळवार होऊ दे."

आता वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल. आपल्याकडे पोरंही खेळतात आणि देवीही खेळते. बाईच्या अंगात आलं, केस सोडून ती घुमायला लागली, की "बाई खेळाय लागली" म्हणतात. मंगळवार देवीचा. त्यात रिंगण, त्यात लिंबू. तानाबाई धनगराची पोर. हा अर्थ तिला ठाऊक नव्हता असं नाही. तिच्या गावच्या जत्रेत तिने शंभरदा ऐकला होता. पण दोन वर्षं छापील पुस्तकातला खेळ घोकून घोकून तिच्या डोक्यात तो एकच उरला होता. शिकण्याचा हाही एक गुण असतो, घरचा शब्द माणूस घरीच विसरतो.

मंगळवारी भोंगा झाला तेव्हा ती पटांगणात उभी होती. आदल्या दिवशी आखलेलं पांढरं गोल रिंगण कुणी पुसलं नव्हतं, उलट कुणीतरी भोवती सडा टाकून ठेवला होता. हातात चमच्यांचा जुडगा होता आणि ती तो पुन्हा पुन्हा मोजत होती. पंचवीस. फक्त पंचवीस. खंडोबाला, बिरोबाला, मराठी शाळेतल्या मास्तरांना, सगळ्यांना तिने पंचवीसच मागितल्या होत्या.

पहिल्या आठ आल्या. मग पंधरा. मग चाळीच्या दोन्ही तोंडांनी बायका येऊच लागल्या. तेलंगी बायका विड्यांची सुपं घरी ठेवून आल्या. शेजारच्या चाळीतल्या आल्या. तिने मोजलं, तीस, चाळीस, बावन्न, साठ. तिला रडू फुटायचं बाकी राहिलं. मग तिच्या लक्षात आलं की कुणी बोलत नाही.

सगळ्या न्हालेल्या होत्या. ओले केस मोकळे सोडलेले होते. रिंगणाबाहेर त्या गोल बसल्या, प्रत्येकीच्या ओंजळीत लिंबू. काहींकडे नारळ होते, हळदकुंकवाच्या पुड्या होत्या, कडुलिंबाचा पाला होता. आणि एकूणएक डोळे तिच्यावर लागलेले होते. रिंगणाची मधली जागा त्यांनी तिच्यासाठी मोकळी ठेवली होती. काशम्माने पुढे सरकून तापलेला नातू अलगद तिच्या पायांशी ठेवला.

लिंबू, मंगळवार, न्हाणं, उपास. तानाबाईला सगळं एकदम कळलं. हातातले चमचे खाली पडले.

"सरा गं," मागून आवाज आला, आणि बायका सरकल्या. मायाक्का आली होती. तानाबाई तिला ओळखत होती, म्हणजे नुसती बघून ओळखत होती. साठीची, कपाळ मोकळं, सहा आठवडे ती आपल्या उंबऱ्यावर बसून तंबाखू चघळत हिचे सहाजणींचे खेळ बघायची आणि एक अक्षर बोलायची नाही. ती आता रिंगणाच्या कडेला उभी राहिली. तिच्या तळहातावर कापराच्या वड्या होत्या.

"चाळीस वर्सं या चाळीचा मंगळवार माज्याकडं हाय," ती म्हणाली. "आता म्हन्त्यात, मास्तरीनबाई खेळनार. खेळ की. माजं काय म्हननं न्हाय. पर हात फुडं कर. कापूर पेटवून ठिवते. खरी आसशील तर चटका बसनार न्हाय."

साठ बायकांनी श्वास धरला. तानाबाईने हात पुढे करावा तर लबाडी, आणि वर भाजणं. खरं सांगावं तर या सगळ्या उठून जाणार, आणि टांगा आता केव्हाही येणार. रिकाम्या पटांगणात ती शिट्टी घेऊन उभी राहणार. वैशाखाला दोन महिने होते. जतकडचा तो गरीब माणूस, मारायचा नाही असा, तिला डोळ्यांपुढे दिसला. क्षणभर तिला खरंच वाटलं की डोळे मिटावेत आणि घुमायला लागावं. कोण ओळखणार होतं?

पायाशी काशम्माचा नातू कण्हला.

"माझ्या अंगात काही येत नाही," तानाबाई म्हणाली. गायनाच्या बाईंनी नापास केलेला तो आवाज फाटका होता, पण मागपर्यंत गेला. "चूक माझी झाली. मी खेळ म्हणाले ते लंगडी, फुगडी, तसलं. लिंबू चमच्यात ठेवून पळायचं असतं. काशम्मा, तुमच्या नातवाला मी काही करू शकत नाही हो. त्याला दवाखान्यातच न्यायला पाहिजे."

कुणीतरी "अगं आई" म्हणालं. काशम्माने नातवाला उचलून छातीशी घेतलं. मग कुजबूज उठली. एक तेलंगी बाई रागाने उठून साडी झटकू लागली. सारजाबाईने तर तोंडच लपवलं. "खेळायचं हुतं तर पोरं गोळा करायची," कुणी म्हणालं, "आमाला कशापाई न्हायाला लावलं?"

"कारण मला खेळायचं होतं," तानाबाई म्हणाली, आणि हे आपण बोलणार आहोत हे तिलाही ठाऊक नव्हतं. "तेराव्या वर्षी मला फुगडीतनं उठवलं ते नवरा गेला म्हणून. त्यानंतर कुणी हात धरला नाही माझा. या विषयात मी नापास झाले तर मला परत घरी नेणार आहेत. पण ते राहू दे. तुम्ही दमून आला होता आणि मी तुम्हाला फसवलं. मला माफ करा."

बायका थांबल्या, पण बसल्या नाहीत. आणि तेवढ्यात चाळीच्या तोंडाशी टांग्याची घंटी वाजली.

मायाक्काने टांग्याकडे बघितलं. मग तानाबाईकडे बघितलं, बराच वेळ. कापूर तिने पदराच्या टोकाला बांधून टाकला. अंबाडा सोडला. रिंगणात पाऊल ठेवलं, आणि तिच्या छातीतून असा एक हुंकार निघाला की उठलेल्या बायका जागच्या जागी खाली बसल्या.

"आली! आई आली!" सारजाबाई ओरडली.

मायाक्का घुमू लागली. पांढरे केस तोंडावर आले. बायकांनी हात जोडले. "काय हुकूम हाय, आई?"

"खेळा!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सारजाबाईने धीर केला. "काय खेळावं, आई?"

"ही पोर सांगंल त्ये!" मायाक्का गरजली. "चाळीस वर्सं मी एकलीच खेळतीया! आज समद्यांनी खेळायचं! जी बसंल तिच्या घरात येनार न्हाय मी!"

याच्यापुढे कुणाची टाप होती?

तर वच्छलाबाई आणि पुण्याच्या परीक्षक बाई टांग्यातून उतरून पटांगणात पोचल्या तेव्हा त्यांनी जे बघितलं ते असं. साठ बायका मोकळ्या केसांनी, दातांत चमचा, नाही तर घरातली पळी, आणि त्यात लिंबू धरून पटांगणभर पळत होत्या. लिंबं पडत होती, बायका एकमेकींवर आदळत होत्या, तेलंगीत आणि कन्नडात आणि मराठीत शिव्या देत होत्या. पहिली पाच मिनिटं देवीच्या भयाने, आणि नंतर देवीचं नाव सुद्धा कुणाच्या लक्षात नसावं. रागाने उठलेली ती तेलंगी बाईच पहिली आली आणि दोन्ही हात वर करून नाचली. परीक्षक बाई वही उघडून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तानाबाई त्यांच्याकडे बघायची, मग खेळाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. लंगडीत दोन बायका पडल्या आणि गुडघे फुटले तेव्हा तर तिने आशाच सोडली.

तिसरा खेळ फुगडीचा. जोड्या लागल्या. मायाक्का गर्दीतून सरळ आली आणि तानाबाईपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"तू माज्यासंगं."

तानाबाईने सवयीने मागे वळून बघितलं. हात सोडवायला कुणी येत नव्हतं. तिने म्हातारीचे हात धरले. ते हात वाळलेले होते, पण पकड घट्ट होती. पावलं जुळली, आणि चाळ, टांगा, परीक्षक बाई सगळं फिरायला लागलं.

"आई, मला क्षमा कर," तानाबाई म्हणाली. समोर देवी आहे असंच ती धरून होती.

"आई कुटली," मायाक्का धापा टाकत हळूच म्हणाली. "आज कोन आलं न्हाय. मीच हाय."

तानाबाईचं पाऊल चुकता चुकता राहिलं.

"कदी येती, कदी न्हाय येत," म्हातारी म्हणाली. "न्हाय आली तरी मी खेळते. इसाव्या वर्साला नवरा मेला माजा. नुसतं खेळ म्हनून मला कोन म्हनलं आसतं गं? आनि ह्यास्नी तरी? मंगळवार म्हनूनशान ह्यांचे दादले बाहीर सोडत्यात. जरा जोरात फिर की. हातात बळ न्हाय का तुज्या?"

तानाबाई जोरात फिरली. डोळ्यांतलं पाणी वाऱ्याने कानाकडे जात होतं, आणि ती हसत होती. आठ वर्षांत पहिल्यांदा हसताना तिला काही बोचलं नाही.

खेळ संपले. वच्छलाबाईंनी काशम्माला नातवासकट टांग्यात बसवून दवाखान्याकडे धाडलं, आणि परीक्षक बाई तिथेच नळाच्या कट्ट्यावर तानाबाईची वही चाळू लागल्या.

"उपस्थिती उत्तम," त्या म्हणाल्या. "शिस्त अजिबात नाही. शिट्टी कुठे आहे तुमची?" तानाबाईने कमरेची शिट्टी दाखवली आणि ती का वाजवत नाही ते सांगितलं. परीक्षक बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग त्या सातव्या प्रश्नापाशी आल्या. "सध्याची करमणूक, काही नाही. ठीक. अशा वस्त्यांत हेच आढळतं." आणि पान उलटायला त्यांनी बोट ओलं केलं.

तानाबाईला गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं म्हणजे पास होणं, हे इतकं स्वच्छ दिसत होतं की कुणीही दाखवून द्यायची गरज नव्हती.

"ते चुकलंय, बाई," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"मी सोमवार, बुधवार, शुक्रवार यायची. या बायका मंगळवारी जमतात, मायाक्कांकडे. केस सोडतात, घुमतात, रडतात, ओरडतात. आजही त्या त्यासाठीच आल्या होत्या. माझ्यासाठी नव्हे."

वच्छलाबाईंनी डोळे मिटून घेतले. परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "त्याला करमणूक म्हणत नाहीत. ती अंधश्रद्धा आहे."

"असेल, बाई. पण तिथं साठ येतात. माझ्याकडं सहा आल्या."

परीक्षक बाईंनी आपला टाक पुढे केला. तानाबाईने 'काही नाही' वर रेघ मारली आणि पुढे एकच शब्द लिहिला, 'मंगळवार'. अक्षर वाकडं आलं, कारण फुगडीची गरगर अजून उतरली नव्हती. परीक्षक बाईंनी त्या शब्दापुढे तांबड्या शाईने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि वही मिटली.

पुढचे दोन महिने तिने ते प्रश्नचिन्ह उशाला घेऊन काढले. मुलींच्या चेष्टाही आता बंद झाल्या होत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

चैत्र संपता संपता निकाल लागला. भिमा आला तो जतकडचा निरोप कनवटीला असल्यासारखाच आला, आणि पूर्वीसारखा फाटकाबाहेर घोंगडं टाकून बसला. तानाबाईने कागद वाचून दाखवला. गणित अडुसष्ट. मराठी एकाहत्तर. अध्यापन चौसष्ट. लोकरंजन व क्रीडाव्यवस्था, छत्तीस. पासाला पस्तीस लागत होते. खाली शेरा होता, 'शिस्त कमी. शिट्टीचा उपयोग नाही. वस्तीची माहिती खरी.'

भिमाला आकडे कळायचे. मेंढरं मोजणाऱ्या माणसाला ते कळतातच. "पास झालीस म्हन की," तो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पर समद्यात चांगली, आनि खेळात एवढी कमी? खेळ तर सोपा आसतोय की गं."

तानाबाईने कागदाची घडी घातली. एरवी ती बोलली नसती.

"मधनंच उठवलं हुतं की आबा तुमी मला," ती म्हणाली.

भिमाने तिच्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. त्याचा उजवा हात घोंगड्यावर होता. तो त्याने उचलला आणि काही सुचेना म्हणून पुन्हा तिथेच ठेवला. रस्त्यावरून एक टांगा गेला. भिमा उठला, घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं.

"जतकडं सांगावा धाडतो," तो म्हणाला. "न्हाय म्हनून."